अंगणात फुलपाखरांची बाग आणि हातात असोसिएशनची नोटीस: अमेरिकेतल्या घरमालकानं काय करावं

ऑगस्टमधल्या एका सकाळी मी पुढच्या अंगणातल्या मिल्कवीडवर अकरा सुरवंट मोजले. काळे, पिवळे, पांढरे पट्टे; पानाच्या कडेपासून आत कुरतडत चाललेले. त्याच दुपारी टपालपेटीत आमच्या वस्तीतल्या घरमालकांच्या असोसिएशनचं (एचओए) पत्र आलं: दर्शनी भागात तण माजलं आहे, चौदा दिवसांत काढा, नाहीतर दंड. सोबत फोटो. फोटोत तेच मिल्कवीड.

मिल्कवीड म्हणजे आपल्या रुईचं भावंड. पान तोडलं की तसाच पांढरा चीक, शेंग उकलली की तशाच रेशमी म्हाताऱ्या वाऱ्यावर. ज्या रुईच्या पानांची माळ आपण शनिवारी मारुतीला घालतो, तिच्यावर महाराष्ट्रात बिबळ्या कडवा हे केशरी फुलपाखरू अंडी घालतं. इथं मिल्कवीडवर त्याचं चुलत भावंड मोनार्क अंडी घालतं, आणि मोनार्कचे सुरवंट मिल्कवीडशिवाय दुसरं काही खात नाहीत. उन्हाळ्याच्या अखेरीस मेरीलँडमध्ये कोषातून निघालेली मोनार्क मेक्सिकोच्या डोंगरांकडे निघतात. त्या अकरांमधलं एखादं तरी तिथवर पोचेल, या आशेवर मी ती रोपं लावली होती.

ती रोपं आजही तिथंच आहेत. पण प्रकरण मिटायला सात महिने गेले, आणि त्यातले पहिले दोन मी चुकीच्या गोष्टी करण्यात घालवले. तुमचे वाचावेत म्हणून हे लिहिते आहे. मी वकील नाही. मेरीलँडमध्ये राहते, म्हणून तिथला तपशील जास्त आहे. इतर राज्यांचं जे पक्कं ठाऊक आहे तेही दिलं आहे.

पत्र आलं की पहिल्या आठवड्यात

रागानं फोन करू नका आणि घाबरून कात्रीही हातात घेऊ नका. पत्रात तीन गोष्टी शोधा: कोणत्या नियमाचं कलम मोडल्याचं म्हटलंय, मुदत कधी संपते, आणि सुनावणी मागायचा हक्क दिलाय का. माझ्या पत्रात कलमच नव्हतं. फक्त ‘तण’ एवढा शब्द. हे माझ्या लक्षात आलं ते तिसऱ्यांदा वाचताना, आणि पुढे तेच सगळ्यात उपयोगी पडलं.

मग लेखी उत्तर द्या, मुदतीच्या आत. ईमेल पाठवा आणि पोच मिळेल असं टपालही. उत्तरात बाजू मांडत बसू नका. पाचच वाक्यं पुरतात: पत्र मिळालं, कोणतं कलम लागू करता ते कळवा, ही रोपं मुद्दाम लावलेली आहेत, त्यांची नावं सोबत जोडली आहेत, सुनावणी हवी आहे आणि तोपर्यंत कारवाई थांबवावी. मी आणखी एक ओळ घातली होती. सुरवंटाला अंड्यातून निघाल्यापासून कोषात जायला साधारण दोन आठवडे लागतात, कोषातून फुलपाखरू निघायला आणखी दोन, म्हणून किमान तीस दिवस द्या. ते त्यांनी मान्य केलं. जिवंत जिवाचं वेळापत्रक आकड्यात सांगितलं की समोरच्याला नाही म्हणणं जड जातं.

गप्प बसणं ही सगळ्यात महागडी चूक. दंड साचत जातो, आणि कित्येक राज्यांत असोसिएशन त्या थकबाकीपोटी घरावर बोजा चढवू शकते.

ही आपली सोसायटी नाही, हे आधी ध्यानात घ्या

पुण्या-मुंबईहून आलेल्या आपल्या लोकांचा इथं गोंधळ होतो. महाराष्ट्रातली गृहनिर्माण संस्था १९६० च्या सहकारी कायद्याखाली नोंदलेली असते. कमिटीनं मनमानी केली तर उपनिबंधकाकडे तक्रार करता येते. इथल्या बहुतेक राज्यांत असोसिएशनच्या डोक्यावर असा कुणी बसलेला नसतो. घर घेताना आपण ज्या ढीगभर कागदांवर सह्या केल्या, त्यातच तिचे अधिकार आहेत. हा करार आहे, आणि तो जमिनीला चिकटलेला असतो. त्यामुळे भांडण मुख्यतः कागदाचं होतं: करार काय म्हणतो, आणि राज्याचा कायदा त्या कराराच्या वर कुठे बसतो.

कागद गोळा करा

सगळ्यात वर असतं ते काउंटीत नोंदवलेलं, वस्तीतल्या घरांवरची बंधनं सांगणारं मूळ घोषणापत्र, ज्याला सगळे ‘सीसी-अँड-आर’ म्हणतात. त्याखाली उपविधी, त्याखाली बोर्डानं, म्हणजे असोसिएशनच्या कमिटीनं, वेळोवेळी केलेले नियम आणि बागेची, रंगाची, कुंपणाची मार्गदर्शक तत्त्वं. खालच्या कागदाला वरच्याच्या बाहेर जाता येत नाही. बोर्डानं गेल्या वर्षी नियम काढला की ‘पुढचं अंगण ऐंशी टक्के गवताचं असावं’, पण घोषणापत्रात फक्त ‘नीटनेटकं राखावं’ एवढंच असेल, तर तो नियम कशाच्या बळावर उभा आहे हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

घर घेतानाची फाइल सापडत नसेल तर काउंटीच्या जमीन-नोंदींत घोषणापत्र मिळतं. मेरीलँडमध्ये सर्किट कोर्टाच्या क्लार्ककडे असोसिएशनच्या कागदांची वेगळी नोंद असते, तिथंही बघा. असोसिएशनचं कामकाज बघणाऱ्या मॅनेजमेंट कंपनीकडून आलेली पीडीएफ जुनी असू शकते.

वाचताना ‘तण’, ‘नीटनेटकं’, ‘गवत’, ‘उंची’ या शब्दांखाली रेघ ओढा आणि त्यांची व्याख्या दिलीय का ते बघा. आमच्या कागदांत तणाची व्याख्याच नव्हती. मिल्कवीडच्या नावातच ‘वीड’ आहे, यापलीकडे असोसिएशनकडे काही नव्हतं.

त्याच बसण्यात जमीन कोणाची तेही पक्कं करा. घराचा सर्व्हे नकाशा काढा. बहुतेक कायदे फक्त तुमच्या मालकीच्या किंवा केवळ तुम्हीच वापरायच्या जागेला संरक्षण देतात. टाउनहाउसमध्ये पुढची चिंचोळी पट्टी पुष्कळदा सामाईक असते, आणि तिथं लावलेलं झाड तुमचं राहत नाही. फुटपाथ आणि रस्त्यामधली पट्टी, विजेच्या वा पाण्याच्या वाहिनीची राखीव जागा आणि कोपऱ्यावरच्या प्लॉटला वळणावर दिसण्यासाठी मोकळी सोडायची जागा, इथं उंच झाडं लावू नका. कायदा कितीही बाजूचा असला तरी या जागांवर तुम्ही हराल.

कायदा कुठे तुमच्या बाजूनं आहे

मेरीलँडची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी. २०१७ मध्ये कोलंबिया या गावातल्या एका जोडप्याला असोसिएशनचं पत्र आलं, त्यांची देशी, म्हणजे मूळच्या तिथल्याच, झाडांची बाग काढून हिरवळ लावा म्हणून. ती बाग त्यांनी कित्येक वर्षं वाढवली होती. सुरुवात शेजाऱ्याच्या तक्रारीतून झाली होती. ते वकिलाकडे गेले, प्रकरण कोर्टात पोचलं आणि २०२० च्या अखेरीस तडजोड झाली. बागेचा बहुतेक भाग राहिला. पण गोष्ट तिथं थांबली नाही. ती स्थानिक लोकप्रतिनिधींपर्यंत गेली आणि २०२१ मध्ये विधिमंडळानं कायदाच केला. १ ऑक्टोबर २०२१ पासून तो लागू आहे.

त्याचा गाभा असा: कमी पाण्याच्या, कमी खर्चाच्या, प्रदूषण रोखणाऱ्या आणि वन्यजीवांना आसरा देणाऱ्या बागेवर असोसिएशनला अवाजवी बंधन घालता येत नाही. पशुपक्ष्यांना आकर्षित करणारी बाग, परागकण वाहणाऱ्या कीटकांची बाग, पावसाचं पाणी जिरवणारी बाग आणि कोरडवाहू बाग हे प्रकार त्यात नावानिशी आहेत. अवाजवी म्हणजे काय तेही सांगितलंय: खर्च फार वाढवणारं, बागेचा उपयोग फार कमी करणारं, किंवा लागवडीत सगळं वा थोडंही लॉनचं गवत असलंच पाहिजे असं सांगणारं बंधन.

मात्र दोन गोष्टी आपले लोक वाचायच्या सोडून देतात. एक, ही बाग मालकानं राखलेली आणि नियमित निगा घेतलेली असली पाहिजे. दोन, असोसिएशन झाडांचा प्रकार, संख्या आणि जागा याबद्दल वाजवी सौंदर्यनियम करू शकतेच. म्हणजे ‘गवत कापायचं सोडून दिलं’ याला संरक्षण नाही. राखलेल्या बागेला आहे. माझ्या मते सगळ्या विषयाची किल्ली या एका अटीत आहे, आणि पुढचा मोठा भाग त्यावरच आहे.

इतर राज्यांचं थोडक्यात. फ्लोरिडात ‘फ्लोरिडा-फ्रेंडली’ बागेला असोसिएशनचा करार मनाई करू शकत नाही. या बागेची नऊ तत्त्वं आहेत आणि वन्यजीवांना आकर्षित करणं हे त्यातलं एक. टेक्सासमध्ये २०१३ पासून दुष्काळ सोसणाऱ्या झाडांच्या बागेला बंदी घालता येत नाही. आराखडा मागता येतो, पण विनाकारण नाकारता येत नाही. कॅलिफोर्नियात कमी पाण्याच्या झाडांना बंदी घालणारा नियम रद्दबातल ठरतो. कोलोरॅडोनं २०२३ मध्ये स्वतंत्र घरांसाठी पाणी वाचवणाऱ्या बागेचे किमान तीन तयार आराखडे ठेवणं असोसिएशनवर बंधनकारक केलं. इलिनॉयनं २०२४ मध्ये देशी झाडांसाठी स्वतंत्र कायदा केला.

यातले बरेच कायदे पाण्यासाठी झालेले आहेत, फुलपाखरांसाठी नाहीत. टेक्सास किंवा कॅलिफोर्नियात अर्ज लिहिताना ‘पक्ष्यांसाठी’ हे दुसऱ्या परिच्छेदात येऊ द्या. पहिल्यात पाण्याची बचत लिहा. तुमच्या राज्यात असा कायदा नसेल तर करारातली संदिग्धता, असमान अंमलबजावणी आणि बोर्डाशी बोलणी एवढ्यावरच काम चालवावं लागतं. तेही चालतं.

शिवाय १९१८ चा स्थलांतरित पक्ष्यांचा केंद्रीय कायदा आहे. अंडी वा पिल्लं असलेलं घरटं बहुतेक देशी पक्ष्यांच्या बाबतीत हलवता येत नाही. झुडपात घरटं असेल तर तारखेचा फोटो काढा आणि पिल्लं उडेपर्यंत कापणी थांबवा, असं लेखी कळवा. यानं बाग कायमची वाचत नाही, पण काही आठवडे मिळतात.

एक काम विसरू नका: गावाचा किंवा काउंटीचा तणाचा नियम असोसिएशनपेक्षा वेगळा असतो. गवत अमुक इंचांवर वाढू देऊ नये असा तो असतो, आणि लागवड केलेल्या बागेला त्यातून सूट आहे का ते वाचून घ्या.

बाग अशी राखा की पाहणाऱ्याला निगा दिसेल

खरी लढाई इथं जिंकली जाते. बोर्डावरच्या माणसाला सोनकी रंगाच्या गोल्डनरॉडमधला आणि रानगवतातला फरक कळत नाही. त्याला सरळ रेघ कळते. म्हणून आधी कडा. वाफ्याभोवती विटांची किंवा दगडांची ओळ, तिच्या बाहेर दोन फूट कापलेलं गवत. मी हे एका शनिवारी केलं, दगडांचा खर्च फारसा नव्हता, आणि पलीकडच्या घरातले आजोबा थांबून म्हणाले की आता बाग छान दिसते. आत एक पानही बदललेलं नव्हतं.

उंची मागे चढती ठेवा. फुटपाथजवळ दोन फुटांच्या आतली झाडं: बटरफ्लाय वीड, म्हणजे केशरी फुलांचं बुटकं मिल्कवीड, ज्याला चीक नसतो; ब्लॅक-आइड सुसान; बुटके अ‍ॅस्टर. ब्लॅक-आइड सुसान हे मेरीलँडचं राज्यफूल आहे, १९१८ पासून. सुनावणीत मी एवढंच म्हटलं की तुम्ही काढायला सांगितलेल्या रोपांत आपल्या राज्याचं फूलही आहे. खोलीतला सूर तिथंच बदलला. मधल्या रांगेत कोनफ्लॉवर आणि माउंटन मिंट. भिंतीलगत जो-पाय वीड आणि गोल्डनरॉड, कारण ती माणसाएवढी होतात. साधं मिल्कवीड जमिनीखालून धावतं आणि शेजाऱ्याच्या हिरवळीत उगवतं. ते परसात लावा किंवा त्याऐवजी एका जागी राहणारं स्वँप मिल्कवीड घ्या. चीक डोळ्याला लागू देऊ नका, रुईचा जसा जपतो तसाच.

ओकचं झाड असेल तर कुणी काही म्हटलं तरी ठेवा. चिकॅडी नावाचा चिमुकला पक्षी एका वेळची पिल्लं वाढवायला सहा ते नऊ हजार सुरवंट गोळा करतो, आणि ते मुख्यतः ओकसारख्या देशी झाडांवरच मिळतात. आपल्या मुलांना हा आकडा सांगा. माझ्या मुलीनं त्यावर शाळेत तक्ता केला, आणि तोच तक्ता नंतर आम्ही सुनावणीला नेला.

हिवाळ्यात खरी खटकाखटकी होते, कारण तेव्हा बाग वाळलेली दिसते. पोकळ काड्यांत एकांड्या मधमाश्या राहतात, पाचोळ्यात पतंगांचे कोष आणि काजव्यांच्या अळ्या असतात. सगळं साफ केलंत तर बाग राखण्यात अर्थच उरत नाही. मी केलं ते असं: फेब्रुवारीअखेरपर्यंत काड्या तशाच, मग फूट-दीड फुटावर सरळ कापून ठेवल्या, नवी पालवी वाढली की त्यांना झाकते. पाचोळा पुढच्या अंगणात झुडपांच्या बुंध्याशी, रस्त्यावरून न दिसेल असा, उरलेला परसात. फुटपाथवर एक पान पडू दिलं नाही.

असोसिएशनच्या हातात फुकट शस्त्र देऊ नका. पक्ष्यांच्या भांड्यातलं पाणी दोन-तीन दिवसांनी बदला, नाहीतर डासांची तक्रार येईल, आणि ती रास्त असेल. दाण्यांचे फीडर उंदरांना बोलावतात. नोटीस चालू असेपर्यंत काढून ठेवा. फीडर म्हणजे अधिवास नव्हे, आणि बागेच्या कायद्यात त्याला आधार शोधू नका. इंग्लिश आयव्ही, ब्रॅडफर्ड पेअर अशी आक्रमक झाडं आधी काढा.

पाटी लावा. नॅशनल वाइल्डलाइफ फेडरेशन १९७३ पासून घरच्या बागांना अधिवासाचं प्रमाणपत्र देत आली आहे. अन्न, पाणी, आडोसा, पिल्लं वाढवायला जागा आणि निसर्गस्नेही निगा अशा पाच गोष्टी बघतात. कॅन्सस विद्यापीठातल्या मोनार्क वॉचची ‘मोनार्क वेस्टेशन’ पाटीही मिळते. यानं कायद्याचं संरक्षण मिळत नाही, अनेकांचा तसा समज आहे. पण जाणाऱ्याला कळतं की हे मुद्दाम केलेलं आहे, आणि निम्म्या तक्रारी तिथंच थांबतात.

एक वही ठेवा. तारीख, केलेलं काम, फोटो: ‘१ मार्च, काड्या कापल्या; ३ मे, आयव्ही उपटली.’ कायद्यातल्या ‘नियमित निगा’ या शब्दांचा पुरावा म्हणजे ही वही.

अर्ज

बाग आधीच असली तरी आर्किटेक्चरल कमिटीकडे, म्हणजे घराच्या बाहेरच्या बदलांना मंजुरी देणाऱ्या असोसिएशनच्या समितीकडे, अर्ज करा. मी दोन महिने हट्टानं केला नाही, ‘माझं अंगण, परवानगी कसली’ म्हणत. तो हट्ट फुकट गेला. अर्ज केला की चेंडू त्यांच्याकडे जातो, आणि नाकारायचं तर कारण लिहावं लागतं. अर्जात एक हातानं काढलेला नकाशा, प्रत्येक झाडाचं इंग्रजी आणि शास्त्रीय नाव, वाढल्यावरची उंची, फुलायचा महिना, महिन्यावार निगेचं वेळापत्रक आणि कायद्याच्या कलमाचा उल्लेख, बस. फुललेल्या अवस्थेतले रंगीत फोटो लावा, कारण त्यांच्याकडे असलेला फोटो नेहमी सगळ्यात वाईट दिवसाचा असतो. किती दिवसांत निर्णय द्यायचा हे तुमच्या कागदांत असतं; काही ठिकाणी मुदत उलटली की मंजूर धरलं जातं. पोच जपून ठेवा.

सुनावणी आणि त्यापुढे

दंडाआधी सुनावणी द्यावीच लागते, असं अनेक राज्यांचे कायदे सांगतात. फ्लोरिडात चौदा दिवसांची सूचना आणि बोर्डाबाहेरच्या किमान तीन सभासदांची समिती लागते. टेक्सासमध्ये नोटिशीनंतर सुनावणी मागायचा हक्क आहे. मेरीलँडमध्येही सूचना आणि सुनावणी टाळून दंड लावता येत नाही.

दहा मिनिटं मिळतील असं धरून चला. मी आधी तीन शेजाऱ्यांच्या घरी गेले, चहा घेतला, त्यांना काय खटकतं ते विचारलं. एकाला फुटपाथवर झुकणाऱ्या फांद्या खटकत होत्या. त्या दुसऱ्याच दिवशी कापल्या. दोघांनी दोन-दोन ओळींची पत्रं दिली. शेजाऱ्यांच्या अंगणातल्या उणिवांचे फोटो दाखवायचा मोह होतो, आणि असमान अंमलबजावणी हा मुद्दा कोर्टात चालतोही. पण पहिल्या सुनावणीत तो काढू नका. उद्याही त्याच गल्लीत राहायचंय. द्यायची एक गोष्ट मनाशी ठरवून जा. मी हद्दीलगतचं तीन फूट मोकळं करायची तयारी दाखवली आणि मिल्कवीड ठेवून घेतलं.

निकाल विरुद्ध गेला तर आधी मध्यस्थी विचारा. कॅलिफोर्नियात असोसिएशनला अंतर्गत तंटा-निवारणाची सोय ठेवावीच लागते. वकिलाचं एक पत्र, ज्यात राज्याचं कलम नीट उद्धृत केलंय, पुष्कळदा पुरतं. कोर्ट शेवटचं: हजारो डॉलर जातात, आणि करारात हरणाऱ्यानं दोघांची फी भरायची असं कलम असेल तर धोका दुप्पट होतो. ते कलम आधी शोधा.

बोर्डाच्या वार्षिक सभेला जा. आमच्या वस्तीत सव्वाशे घरं आहेत आणि सभेला नऊ जण होते. बागेची मार्गदर्शक तत्त्वं तिथं बसलेले पाचजण ठरवतात. पुढच्या वर्षी त्यात मी होते, आणि ‘तण’ या शब्दापुढे आम्ही राज्याच्या आक्रमक वनस्पतींच्या यादीचा आधार घातला.

प्रकरण मिटलं की तसं लेखी पत्र घ्या. तोंडी ‘ठीक आहे’वर सोडू नका. घर विकताना असोसिएशनकडून कागदांचा गठ्ठा जातो आणि उघडी राहिलेली तक्रार त्यात दिसते. त्या पत्रात मंजूर आराखड्याची तारीख असावी, आणि त्याची प्रत घराच्या फाइलमध्ये सर्व्हे नकाशाला टाचून ठेवावी. पुढचा मालक बाग ठेवणार असेल तर ती त्याच्याही कामाला येईल.